पुलाखालून जाणारी गाडी

आमच्या फाट्यावर हायवेचा पूल झाला तेव्हा सगळे खूश झाले, आम्ही सोडून. पूल वरून गेला आणि आम्ही खाली राहिलो. चारोटीकडून तलासरीकडे आणि तलासरीकडून चारोटीकडे जाणाऱ्या गाड्या डोक्यावरून सुसाट निघून जायच्या. खाली सर्व्हिस रोडला हात दाखवत उभी राहिलेली माणसं ड्रायव्हरला दिसतच नसत. थांबा खाली होता, एसटी वर होती.

एकच गाडी खालून यायची. डहाणू–अच्छाड. तिच्यावर गोपीनाथ माच्छी नावाचे कंडक्टर होते. गाडी पुलाच्या तोंडाशी आली की आतून खणखणीत आवाज यायचा, "खालून घे!" आणि ड्रायव्हर शेखभाई कुरकुरत, पण न चुकता, गाडी डावीकडे उतरवायचे.

मी बी.ए. झाले ती या दोन शब्दांवर. कुणाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. आमच्या पाड्यावर माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. कॉलेज डहाणूला, आणि वेळेवर पोचवणारी गाडी ही एकच. ती वरून गेली असती तर मी आईबरोबर वाडीत चिकू काढायला गेले असते. त्यात कमीपणा नाही, आई अजून जाते. पण मला शिकायचं होतं, आणि मी शिकले. आज तलासरीच्या सरकारी कार्यालयात माझी खुर्ची आहे. मला याचा अभिमान आहे आणि तो मी पदराआड ठेवत नाही.

माच्छीकाका डहाणूच्या खाडीकडचे. बाप, आजा, सगळे होडीवर. हा एकच रस्त्यावर आला. अंगानं बुटके, पण खांदे वल्हं मारणाऱ्याचे. खाकी शर्टाच्या खिशात कंगवा, आणि तो कंगवा स्वतःच्या केसांपेक्षा शाळेच्या पोरांच्या डोक्यांतून जास्त फिरायचा. चालत्या गाडीत काका कधीही दांडी धरत नसत. आमचा रस्ता कसला ते आम्हाला माहीत. आशागडच्या वळणांवर माणसं माणसांवर पडायची, आणि हा माणूस दोन्ही हात मोकळे सोडून तिकीट फाडतो आहे, सुट्टे देतो आहे. कुणी म्हटलं, "काका, धरा जरा," तर म्हणायचे, "होडी याच्याहून जास्त हलते. तिथं काय धरतोस, पाणी?"

कंडक्टरची जी सीट असते तिच्यावर मी त्यांना कधी बसलेलं बघितलं नव्हतं. तिच्यावर पोटुशी बाई, तान्हं मूल, ताप भरलेलं पोर, कुणी ना कुणी असायचंच. आणि रिकामी असली तरी ते बसायचे नाहीत. "बसलो की मागचं दिसत नाही," म्हणायचे. मागचं बघणं हा त्यांचा धर्मच होता. एक टोला थांबायला, दोन टोले निघायला, हे सगळ्याच गाड्यांत. पण काकांचे दोन टोले पडायच्या आधी मान वळणार, डोळे रस्त्यावर मागपर्यंत जाणार, कुणी धावत येत नाही ना हे बघणार, मग दोरी ओढणार.

शेखभाई वैतागायचे. "काका, माझी गाडी पुढं चालते आणि तुमची मागं!"

"म्हणून तर पगार दोघांना देतात," काका म्हणायचे.

भाषा तर त्यांच्या तोंडात तिकिटांसारखी होती, ज्याला जी हवी ती फाडून द्यायची. स्टेशनवर मराठी, चारोटीला ट्रकवाल्यांशी हिंदी, अच्छाडच्या बाजूला गुजराती, आणि पाड्यांवरच्या बायकांशी त्यांच्याच बोलीत. एकदा शेखभाई सुट्टीवर होते आणि बदली ड्रायव्हरनं सवयीनं गाडी पुलावर घातली. काकांनी तिथंच एक टोला मारला. गाडी थांबली ती पुलाच्या पार टोकाला. काका उतरले आणि उन्हातून उलटे चालत आमच्याकडे निघाले. आम्ही तिघी मुली खाली वाट बघत होतो, परीक्षेचा दिवस होता, आणि वरून आपली गाडी गेलेली बघून एक तर रडायलाच लागली होती. काकांनी आम्हाला चढणीवरून पळवत वर नेलं. गाडीत एक व्यापारी संतापला होता. "अरे भाई, मारी ट्रेन छूटी जशे!"

काका धापा टाकत म्हणाले, "शेठ, ट्रेन बीजी आवशे. आ छोकरीओनी परीक्षा बीजी नहीं आवे."

ट्रेन दुसरी येईल, परीक्षा येणार नाही, यावर अख्खी गाडी हसली. शेठसुद्धा हसला, आणि सरकून त्यानं रडणारीला जागा दिली. बदली ड्रायव्हर मात्र तो पूल आयुष्यभर विसरला नसेल. काका त्याच्या शेजारी गेले. नुसते त्याच्याकडे बघत उभे राहिले, थेट डहाणूपर्यंत.

मला ते पहिल्या दिवसापासून "बी.ए." म्हणायचे. मी म्हटलं, "काका, अजून पहिलं वर्ष आहे." तर म्हणाले, "तिकीट शेवटच्या स्टॉपचं काढलंयस ना? मग झालं."

संध्याकाळी परतताना कॉलेजच्या मुलांकडून ते एक गोष्ट वसूल करायचे. "आज काय शिकलीस? एक सांग." ही सूट कुणालाच नव्हती. मी एकदा सांगितलं की राष्ट्रपतीला आपण लोक थेट मत देत नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी ही बातमी अख्ख्या गाडीला दिली आणि गंजाडच्या एका म्हाताऱ्याशी चारोटीपर्यंत वाद घातला. म्हातारा म्हणत होता, मी स्वतः शिक्का मारलाय. काका म्हणत होते, बी.ए. सांगते ते खरं. बी.ए. खिडकीतून बाहेर बघत होती. एखाद्या दिवशी कॉलेजात काहीच झालेलं नसायचं, सर आलेले नसायचे. तेव्हा, "आज काही नाही काका," म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "मग उद्या दोन."

मी नोकरीला लागले, माझी त्यांची रोजची गाठ सुटली. पण अधूनमधून गाडीत भेट व्हायची. एका दिवाळीच्या आधी भेटले तेव्हा खाकी पँट कमरेवर चुण्या पडून बसली होती आणि पट्ट्याला नवं भोक पाडलेलं होतं. "बरगडीखाली उजव्या अंगाला जड वाटतं," म्हणाले. "डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितलंय."

तो यकृताचा कॅन्सर निघाला. पुढे गेलेला.

बातमी गाडीबरोबर फिरली. कुठल्याशा स्टॉपवर चढलेला एक पिशवीवाला मोठ्यानं म्हणाला, "ताडी मारत असणार. लिव्हर काय उगीच जातं?" मी त्या दिवशी गाडीत होते. मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरची ताडगोळेवाली म्हातारी उठली. "ताडी मी पण विकते," ती म्हणाली. "या गाडीतल्या कोणाला किती लागते ते मला विचार. तुला किती लागते ते पण सांगू? तो माणूस माझ्याकडून ताडगोळे घेई, ते पण नातवंडांना." पिशवीवाला पुढच्याच स्टॉपला उतरला. त्याचा स्टॉप तो नव्हता.

आमच्या भागात अंगाच्या उजव्या बाजूला काही झालं की ती कावीळ. आणि काविळीला माळ. कसल्या तरी काडीचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठवून केलेली ही माळ आधी जेमतेम डोक्यावर बसते. मग काड्या सुकतात, गाठी सैल होतात, माळ लांबत लांबत गळ्यात येते, छातीवर येते. लोक मानतात, कावीळ उतरते आहे. शेवटी ती पायांतूनच काढायची आणि वाहत्या पाण्यात सोडायची. मधेच तोडली तर कावीळ अंगात राहते.

काकांच्या रस्त्यावर पाडे किती! प्रत्येक फाट्यावरून कोणीतरी माळ पाठवली. माझ्या आईनंही केली. मी तिला म्हटलं, "आई, कावीळ नाही, कॅन्सर आहे."

"मग? माळ काय त्याचं नाव विचारून उतरते?"

काकांनी एकही माळ परत केली नाही. पाल्याचा रस आणणाऱ्यांना मात्र हात जोडले. डॉक्टरांनी झाडपाला पोटात घ्यायचा नाही असं बजावलं होतं. काका सांगायचे, "माळ द्या, रस नको. पोटातला रस्ता बंद आहे. काम चालू आहे."

त्यांचा मुलगा वापीला कारखान्यात, त्याला रजा मिळेना. काकूंचा मला फोन आला. "तू येतेस का मुंबईला? तिथं डॉक्टर काय बोलतात ते आम्हाला कळेल, पण काय विचारायचं ते कळणार नाही." मी रजा टाकली.

डॉक्टर तरुण होते, घाईत नव्हते. त्यांनी कागदावर यकृत काढून दाखवलं. म्हणाले, यकृताला रक्त दोन वाटांनी येतं. यकृत स्वतः जास्त करून एका वाटेवर जगतं, आणि ही गाठ दुसऱ्या वाटेवर, रोहिणीवर. तर आम्ही जांघेतून एक बारीक नळी घालणार, ती आतल्या आत त्या रोहिणीपर्यंत नेणार, आणि केमो तिथंच सोडणार.

काकांनी कागद जवळ ओढला. मग बोटानं रेघ दाखवत म्हणाले, "म्हणजे डॉक्टर, ती हाताच्या शिरेतून देतात ती केमो हायवेनं जाते. अख्ख्या अंगाला. आणि फाट्यावरची माणसं बघत राहतात. ही तुम्ही सर्व्हिस रोडनं नेणार."

डॉक्टरांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते खुर्चीत मागे टेकून हसले. "बरोबर. औषध तिथं जास्त पोचतं, बाकीच्या अंगाला त्रास कमी होतो. अगदीच होत नाही असं नाही."

"खालून घे," काका माझ्याकडे बघून म्हणाले.

मी विचारलं, "यानं बरे होतील का?"

डॉक्टर हसायचे थांबले. "स्पष्ट सांगतो. गाठ यकृताच्या मोठ्या शिरेत शिरलीय. ऑपरेशन करता येणार नाही. या औषधानं काहींची गाठ आवळते, वेळ मिळतो. काहींची नाही आवळत. जाईलच असं मी म्हणणार नाही."

काकूंनी पदर तोंडाला लावला. काका म्हणाले, "माझं एकच विचारायचं आहे. मे अखेरपर्यंत वेळ मिळेल का?"

"मे का?"

"गुरुजींनी जन्मतारीख एक जून लावलीय. एकतीस मेला रिटायर. शेवटची फेरी मला माझ्या हातानं करायचीय. दुसऱ्यानं बेल मारली तर मला चालणार नाही."

डॉक्टर म्हणाले, "प्रयत्न करू." इतकंच. मला तो माणूस आवडला, कारण त्यानं जास्त काही म्हटलं नाही.

पहिल्या वेळी न्यायला सिस्टर आली तेव्हा तिला शर्टाच्या आत माळांचा गठ्ठा दिसला. "आजोबा, हे काढावं लागेल."

"आजोबा नाही, कंडक्टर."

"कंडक्टर, हे काढावं लागेल."

"डोक्यावरून काढता येत नाहीत. तोडताही येत नाहीत. पायातूनच उतरतात."

सिस्टरनं माळांकडे बघितलं, काकांच्या खांद्यांकडे बघितलं. त्या खांद्यांवरून त्या खाली सरकणं शक्यच नव्हतं. मी मान खाली घालून बसले होते. आता ही कात्री आणणार, असं वाटलं. तिनं कात्री आणलीच, पण बरोबर गॉजपट्टीची गुंडाळी. एकेका माळेच्या गाठीच्या दोन्ही बाजूंना तिनं पट्टीच्या लांब तुकड्याची टोकं बांधली, जोड पक्का झाल्यावरच मूळ दोऱ्याची गाठ सोडली, आणि माळ लांबवली. मग एकेक करून खांद्यांवरून, पोटावरून, गुडघ्यांवरून सगळ्या पायातून काढल्या.

"उतरली का कावीळ?" तिनं विचारलं.

"लेडीज फर्स्ट क्लास," काका म्हणाले. याचा अर्थ काय ते मला आजही माहीत नाही, पण सिस्टर खूश झाली. माळा सलाईनच्या दांड्यावर लटकवल्या. राऊंडला आलेले मोठे डॉक्टर माळांकडे बघून नुसते वळसा घालून गेले.

औषध पंपानं हळूहळू जायचं, दिवस-रात्र, आणि नळी असेपर्यंत तो पाय सरळ ठेवायचा. वाकवायचा नाही, उठायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. जो माणूस जन्मभर बसला नाही त्याला असं पाठीवर पडलेलं बघणं मला जड गेलं. तेही गमतीनं घेत होते. पंप वाजला की म्हणायचे, "सिस्टर, सिंगल बेल झाली, बघा कोण उतरतंय." वॉर्डातला कोण घरी गेला याची चौकशी चालू. "तो खिडकीजवळचा उतरला का?"

"उतरला, काका. मुलगा न्यायला आला होता."

"मागे काही विसरला नाही ना?"

एक औषध आत जाताना मात्र पोटात कळ उठली. बोलणं थांबलं. काकांनी दोन्ही हातांनी पलंगाची दांडी धरली. आशागडच्या वळणांवर ज्यांनी कधी काही धरलं नाही, त्यांच्या बोटांची पेरं पांढरी झाली होती. सिस्टरनं पंपाचा वेग कमी केला, इंजेक्शन दिलं. बऱ्याच वेळानं त्यांनी एक हात सोडला, मग दुसरा. काकूंनी तोंड पुसलं. मी उगाच बाटलीत पाणी भरत राहिले.

डोळे मिटूनच ते म्हणाले, "बी.ए., आज तू नको, मीच एक सांगतो. ही गाठ कशानं झाली माहीतय? जुनी 'बी' कावीळ, हिपॅटायटिस बी म्हणतात ती. कधीची कोण जाणे, रक्तात लपून बसली होती, काही सांगितलं नाही. तुझी आई म्हणत होती ना कावीळ?"

"हो."

"मग? तिला सांग. आणि तू रक्त तपासून घे. नसली तर टोचून घे, लस आहे. घरी सगळ्यांना सांगितलंय मी. गाडीतही सांगणार."

घरी येऊन मी आईला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुझ्या कॉलेजात उशिरा शिकवतात." मी तपासून घेतलं, लस घेतली. पाड्यावरच्या बायकांना घेऊन आरोग्य केंद्रात गेले. आमच्यातल्या एकीच्या रक्तात ती निघाली. तिची आता नियमित तपासणी चालू आहे, पोरांना सांभाळते, भात लावते. तिला माच्छीकाका कोण ते फारसं माहीत नाही. मी सांगते तेव्हा म्हणते, "ते पुलाखालनं येणारे?"

काही आठवड्यांनी एकदा, असे फेरे चालू राहिले. दर वेळी आधी रक्त तपासायचं, मग पुन्हा नळी, पुन्हा सरळ पाय. काही वेळा मी गेले, काही वेळा मुलगा. माळा दर वेळी बरोबर जायच्या आणि दांड्यावर लटकायच्या. काका म्हणायचे, "यांना सीट नको, स्टँडिंग चालतं." होळीनंतरच्या फोटोत गाठ आवळलेली दिसली. डॉक्टरांनी जुना आणि नवा फोटो शेजारी लावून दाखवला. काकूंना काही कळलं नाही, पण डॉक्टरांचा चेहरा बघून त्या रडल्या. काकांची भूक परतली. पट्टा एक भोक मागे आला. डेपोत बैठं काम मिळालं, चौकशीच्या खिडकीत. तिथंही म्हणे ते उभेच असायचे.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी सांगावं लागणार नाही. पावसाळ्यात गाठीनं पुन्हा उचल खाल्ली. मी तेव्हा खात्याच्या ट्रेनिंगला पुण्यात होते. फोनवर बोलणं व्हायचं, आवाज बारीक होत गेला होता. श्रावणात काका गेले. काकू म्हणतात, शांत गेले. आणि म्हणतात, ते सगळे महिने आम्हाला वर मिळालेले, त्यात आम्ही किती जेवलो, किती भांडलो. मलाही तसंच वाटतं. जे मिळालं ते मोजून कमी करायचं नाही.

तर एकतीस मे. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, पण एका अटीवर, उभं राहायचं नाही. डेपोनं तिकिटांसाठी नवीन कंडक्टर बाई दिली, काकांनी फक्त बेल मारायची. गाडी सजवली होती. पुढच्या काचेवर झेंडूच्या माळा, केळीचे खांब, आणि त्या झेंडूंच्या मधोमध सुकलेल्या काड्यांच्या त्या माळा, गॉजपट्टीच्या गाठींसकट. ते काम काकांचंच. शेखभाई म्हणाले, "लोक विचारतील, ही कसली सजावट?"

"सांग, मेडल आहेत."

मी डहाणूहून चढले. काका कंडक्टरच्या सीटवर बसले, पहिल्यांदा. अवघडून, परक्याच्या घरी बसावं तसे. चारोटीला एक बाई कडेवर मूल घेऊन चढली आणि हे उठायला लागले. ती म्हणाली, "काका, बसा हो. या सीटवर मी माझ्या पोटुशीपणात बसून दवाखान्यात गेलेय. हे तेव्हाचंच पोर." गाडी ओरडली, "बसा! बसा!" काका बसले, पण मान सारखी मागे. बसल्या जागेवरून मागचं दिसत नव्हतं. हात दोरीवर, पण दोरी ओढवेना.

मी मागच्या बाकावर होते. खिडकीतून मान बाहेर काढून बघितलं आणि म्हटलं, "काका, मागे कुणी नाही. सगळे चढले."

दोन टोले पडले.

मग तेच सुरू झालं. प्रत्येक स्टॉपला मी मागे बघायची, ओरडून सांगायची, आणि बेल व्हायची. धानिवरीला एक म्हातारा काठी टेकत येत होता, सांगितलं, "एक येतोय!" गाडी थांबली ती तो चढेपर्यंत.

आमचा पूल जवळ आला. गाडी गप्प झाली. ते दोन शब्द काकांचे होते, त्यांनीच म्हणावेत म्हणून सगळे थांबले होते. काका खिडकीतून बाहेर बघत राहिले. बोललेच नाहीत. आणि शेखभाईंनी डावीकडचा दिवा लावून गाडी खाली उतरवली.

"शेख, आज मी सांगितलं नाही," काका म्हणाले.

"गाडीला आता पाठ झालंय, काका." शेखभाईंनी आरशात बघितलं नाही.

खाली पाड्यावरच्या बायका उभ्या होत्या, पुढे माझी आई. तिनं दारातूनच विचारलं, "भाऊ, माळ उतरली का?"

काकांनी काचेकडे बोट केलं. "पायातून उतरली, वहिनी. विचारा तुमच्या पोरीला."

आईनं गॉजपट्टी बघितली. काही क्षण तिला कळेना. मग माझ्याकडे असं बघितलं, की जिंकलं कोण ते तिनं बोलायची गरज नव्हती. तिनं वाडीतल्या चिकूंची पिशवी काकांच्या मांडीवर ठेवली.

मी सगळ्यांच्या शेवटी उतरत होते. काका उठून दाराशी आले होते. मी म्हटलं, "काका, उभं राहायचं नाही, सांगितलंय."

"दारात बसून कोण बेल मारतं?" ते म्हणाले. "बी.ए., आज काय शिकलीस? एक सांग."

मी पायरी उतरले. "आज काही नाही, काका."

"मग उद्या दोन."

त्यांनी मान वळवली. सर्व्हिस रोड मागपर्यंत बघितला, पुलाच्या खांबांमधून, आमच्या पायवाटेपर्यंत, कुणी धावत येत नाही ना. कुणी येत नव्हतं. आत हात घालून त्यांनी दोरी दोनदा ओढली. गाडी निघाली, चढण चढून हायवेला लागली, झेंडू वाऱ्यावर उडत होते. काका दारात उभे होते, आमच्याकडे बघत, एका हातात चिकूंची पिशवी, दुसऱ्या हातानं आम्हाला टाटा करत. दांडी धरलेली नव्हती.